पार्श्वभूमी : पावतीपुस्तकावर उभी राहिलेली संघटना

मुंबईतल्या गिरणी कामगारांची घरांसाठीची पात्रता तपासण्याची मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा ग्राह्य कागदपत्रांची १३ नावांची यादी निघाली. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबरची प्रत, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, फंडाचा नंबर, ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर, हजेरी पत्र, लीव्ह रजिस्टरची प्रत, पगार पावती वगैरे. या यादीत युनियनच्या वर्गणीची पावती नाही. त्यावर कुठे ओरड झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण गिरणगावात कामगारांच्या वतीने कोणी बोलायचे, करारावर कोणी सही करायची आणि कोणी गेटबाहेर उभे राहायचे, हे ज्या कागदावर ठरत आले तो नेमका हाच कागद होता. संघटनेची उतरण समजून घ्यायची तर या पावतीपासूनच सुरुवात करावी लागते.

सुरुवातीच्या काळात पावतीच नव्हती. १८८४ मध्ये सरकारकडे गेलेल्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या होत्या आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. त्या वेळच्या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, लिखित नियम नव्हते. तशी नोंद सरकारी अहवालातच आहे. सभा भरली की ती संघटना असायची, सभा उठली की नसायची. तरीही मागणी मान्य झाली. १९२६ च्या कायद्याने हे चित्र बदलले. नोंदणी हवी असेल तर सभासदांची यादी ठेवा, ती तपासणीला खुली ठेवा, दरसाल हिशेब आणि सभासदसंख्या रजिस्ट्रारला कळवा, असे बंधन आले. तेव्हापासून संघटना म्हणजे दप्तर हे समीकरण रूढ झाले.

१९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चालला. त्याच वर्षी मे महिन्यात लाल बावट्याची युनियन स्थापन झाली, तेव्हा नोंदलेले सभासद ३२४ होते. डिसेंबरपर्यंत हा आकडा ५४ हजारांवर गेला. गिरणीगणिक समित्या निघाल्या आणि पगाराच्या दिवशी वर्गणी गोळा होऊ लागली. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी, म्हणजे कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या कटाच्या खटल्यासाठी, धरपकड झाली, कार्यालयांच्या झडत्या झाल्या आणि दप्तर जप्त झाले. तोंडे ओळखणारी माणसे तुरुंगात आणि नावे लिहिलेली पुस्तके पोलिसांच्या ताब्यात, अशा अवस्थेत त्याच वर्षीचा पुढचा संप फसला आणि सभासदसंख्या भराभर ओसरली. एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी. त्या काळातल्या युनियनचे जे कागद आज अभ्यासकाला मिळतात, त्यांतला मोठा भाग खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाला म्हणून टिकला. संघटनेने स्वतः जपलेले फार थोडे आहे. पुढच्या ९० वर्षांत यात फरक पडलेला नाही.

१९३८ च्या औद्योगिक कलह कायद्याला मुंबईने 'काळा कायदा' म्हटले. ७ नोव्हेंबरला त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, गोळीबार झाला. तो प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. आजच्या परिस्थितीशी खरा संबंध आहे तो त्यानंतर आलेल्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा, ज्याला गिरणगाव 'बीआयआर' म्हणते.

या कायद्याभोवतीचा सगळ्यात मोठा घोळ एका शब्दाचा आहे : 'मान्यताप्राप्त'. नाक्यावर, चाळीत, वर्तमानपत्रात, सगळीकडे काँग्रेसच्या छत्राखालच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला 'मान्यताप्राप्त युनियन' म्हणत आले. कायद्यात मात्र हा एक शब्द नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे प्रातिनिधिक युनियन. एखाद्या स्थानिक क्षेत्रातल्या एखाद्या उद्योगात, म्हणजे इथे मुंबईतल्या सगळ्या कापड गिरण्यांत मिळून, जितके कामगार असतील त्यांच्यापैकी २५ टक्के सभासद ज्या युनियनकडे असतील तिला रजिस्ट्रार हा दर्जा देतो. मुंबईत तो याच संघाकडे होता. चौघांतला एक पुरे. उरलेले तिघे सभासद नसले, विरोधात असले, तरी त्यांच्या वतीनेही तीच बोलणार. एका क्षेत्रात एका उद्योगाला अशी एकच युनियन. तिला हटवायचे तर दुसऱ्या युनियनने तिच्यापेक्षा जास्त सभासद रजिस्टरवर दाखवायचे. एका गिरणीतल्या सगळ्याच्या सगळ्या कामगारांनी बावटा बदलला तरी त्याला कायद्यात किंमत नाही, कारण मोजणी अख्ख्या मुंबईची.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच कायद्यातली मंजूर युनियन. ठरलेली किमान वर्गणी, कार्यकारिणीची दर तीन महिन्यांत बैठक, ठरावांसाठी कार्यवृत्ताची वही, सरकारने नेमलेल्या हिशेबतपासनिसाला मुभा, या अटी पाळल्या की युनियन मंजूर यादीवर जाते. आणखी एक अट आहे : तडजोडीचे सगळे मार्ग संपल्याशिवाय आणि सभासदांच्या मतदानात बहुमत मिळाल्याशिवाय संपाला परवानगी द्यायची नाही. म्हणजे मतपेटी कायद्याला माहीत होती. संप करावा की नाही यासाठी मतदान, पण आपल्या वतीने कोण बोलणार हे ठरवायला मतदान नाही, तिथे पावतीपुस्तक. माझ्या मते गिरणगावाच्या पुढच्या सगळ्या दुखण्याचे मूळ या एका विसंगतीत आहे.

तिसरी गोष्ट १९७१ च्या महाराष्ट्राच्या वेगळ्या कायद्यातली. 'मान्यताप्राप्त' हा शब्द खऱ्या अर्थाने तिथला. तिथे एकेका कारखान्यापुरती मान्यता मिळते, ३० टक्के सभासद सहा महिने दाखवावे लागतात, आणि औद्योगिक न्यायालय तपासणी करते. पण ज्या उद्योगांना बीआयआर लागू, त्यांना या कायद्यातली मान्यतेची तरतूद लागू नाही. म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इंजिनिअरिंग कारखान्यात कामगार एका युनियनमधून दुसरीत गेले की वर्षा-दोन वर्षांत मान्यता बदलू शकत होती. परळच्या साचेवाल्याला, म्हणजे मागावरच्या विणकराला, ती वाट बंद. सत्तरच्या दशकात हे कामगार एकाच लोकलने प्रवास करत होते, एकाच चाळीत राहत होते. शेजारच्या खोलीतल्या माणसाला जे मिळते ते आपल्याला का नाही, हा प्रश्न रोज घरात येत होता.

आता हे तिन्ही धागे एकत्र पाहा. मंजूर युनियनच्या माणसाला गिरणीच्या आवारात, पगार वाटपाच्या जागी बसून वर्गणी गोळा करण्याचा, फलक लावण्याचा, सभासदांशी बोलण्याचा हक्क कायद्याने दिला. पगाराची खिडकी आणि वर्गणीचे टेबल दोन हातांवर. बाकीच्या युनियनांचे लोक गेटबाहेर, पानाच्या ठेल्याशेजारी. आणि सभासद कोण? तर ज्याची वर्गणी तीन महिने थकलेली नाही तो. म्हणजे दर्जा असेल तर आत बसता येते, आत बसले तर पावत्या फाटतात, पावत्या फाटल्या तर दर्जा राहतो. बदली कामगाराला उद्या काम मिळेल की नाही याचा भरवसा नसे. त्याच्यासमोर खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, उभा असताना त्याने टेबलावर चार आणे ठेवले की नाही, यावरून त्याची निष्ठा मोजायची, याला प्रतिनिधित्व म्हणणे मला जड जाते.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ६० च्या आसपास गिरण्या, लाखो कामगार आणि डझनभर युनियना असताना एकाच युनियनशी बोलणी झाल्याने महागाई भत्ता, पगाराची प्रतवारी, रजा हे सगळ्या गिरण्यांत एकसारखे झाले. लहान गिरणीतल्या कामगारालाही मोठ्या गिरणीचा दर मिळाला. हा फायदा खरा होता. पण त्याची किंमत १९६२ मध्ये स्पष्ट झाली. अहमदाबादच्या एका गिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रातिनिधिक युनियन हजर असेल तर कामगाराला स्वतः बाजू मांडता येणार नाही, मग त्या युनियनचा हेतू प्रामाणिक असो वा नसो. कामावरून काढलेल्या माणसाची बाजू त्याच्या नको असलेल्या युनियनने मांडायची आणि त्याने मागच्या बाकावर बसून ऐकायचे.

१९८१ च्या दिवाळीत बोनसचा करार झाला आणि साठलेले बाहेर पडले. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या घरी गेले, आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पगारवाढ, बोनस, बदलीवाल्यांना कायम करणे या मागण्या सर्वांना माहीत आहेत. इथे महत्त्वाची आहे ती बीआयआर रद्द करण्याची मागणी. पगारावर तडजोड निघू शकली असती. कोणाशी बोलायचे यावर ती निघेना. मालकांनी आणि सरकारने सांगितले, कायद्याने आम्हाला एकाच युनियनशी बोलता येते. कामगारांनी सांगितले, गुप्त मतदान घ्या. ते कधीच झाले नाही. आणि रजिस्टर? दीड वर्ष पगार नसलेला माणूस कोणत्याच युनियनची वर्गणी भरू शकत नाही. शांततेच्या दिवसांत फाटलेल्या पावत्यांनी संपाच्या दिवसांतला कौल ठरवायचा, असा तो पेच होता.

संप अधिकृतपणे मागे घेतल्याची घोषणा कधी झाली नाही. तो विरत गेला. कोणी गावी गेले, कोणी माफीपत्र लिहून आत गेले. लाखाहून अधिक लोकांना परत घेतले गेले नाही. भिवंडी-इचलकरंजीतले यंत्रमाग, सिंथेटिक कापड, गिरण्यांतली न झालेली गुंतवणूक ही कारणे होतीच, आणि एकट्या संपाने गिरण्या बंद पाडल्या हे म्हणणे मला मान्य नाही. १९८३ मध्ये १३ गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, १९८५ मध्ये नवे वस्त्रोद्योग धोरण आले, आणि १९९१ च्या विकास नियमावलीतल्या कलम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचा विषय उघडला : एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याविरुद्ध दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरवला.

या काळात प्रातिनिधिक युनियनचे काय झाले, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. तिचा दर्जा कायम राहिला. २५ टक्के कशाचे, तर उरलेल्या कामगारांचे. कामगार कमी होत गेले तसा पायाही लहान होत गेला, पण सहीची ताकद तेवढीच राहिली. स्वेच्छानिवृत्तीचे करार, थकीत देणी, गिरणी बंद करण्याच्या अटी, सगळीकडे तीच सही. ज्यांना १९८२ नंतर परत घेतले नाही ते हजेरीपटावरच नव्हते, म्हणून मोजणीत नव्हते. आणि जे मोजणीत नाहीत त्यांच्यासाठी नवी संघटना उभी करायची तर ती कामगार कायद्याच्या चौकटीत बसत नाही. म्हणून २००० नंतर ज्या संघर्ष समित्या निघाल्या त्यांची मागणी पगाराची राहिली नाही, घराची झाली. सभासदही बदलले : निवृत्त कामगार, विधवा, गावाकडची मुले.

घरांसाठी २०१० मध्ये अर्ज मागवले तेव्हा सुमारे १ लाख ४८ हजार अर्ज आले. जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे होती ६,९२५. मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. अलीकडे शेलू आणि वांगणीची घरे पुढे करण्यात आली, मुंबईपासून दूर असल्याने त्यावर मोर्चे निघाले. पण घर कुठे, याच्या आधीचा प्रश्न पुराव्याचा आहे, आणि तिथे दप्तराची अनास्था उघडी पडते. एका बंद गिरणीचे टाइम ऑफिस मी पाहिले आहे. लोखंडी कपाट भंगारवाल्याने नेले होते आणि त्यातली हजेरीची पुस्तके जमिनीवर, पावसाच्या पाण्यात चिकटून एकच गठ्ठा झालेली. युनियनांची सभासद रजिस्टरे वर्षाचा आकडा रजिस्ट्रारला कळवण्यापुरती लागत. आकडा गेला की नावांची गरज संपली. नाव, खाते, तिकीट नंबर, महिना असे सगळे असलेली ही पुस्तके आज जागेवर असती तर कोण कुठे कामाला होते हे गिरणीच्या कागदाशिवायही दाखवता आले असते.

साताऱ्याकडच्या एका गावात त्रासन (सूतकताई) खात्यात काम केलेल्या कामगाराच्या पत्नीने मला एक प्लॅस्टिकची पिशवी दाखवली. आत रबरबँडने बांधलेल्या वर्गणीच्या पावत्या. पंजाएवढा कागद, एका कडेला फाडल्याच्या भोकांची रेघ, वर छापील नंबर, खाली खाते आणि तिकीट नंबर, महिन्याच्या जागी निळ्या पेन्सिलीने लिहिलेले. तिने त्या महिन्यावारी लावल्या होत्या. शेवटची नोव्हेंबर ८१ ची. घराच्या योजनेची अट १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याची आहे, आणि संप सुरू झाला १८ जानेवारीला. ज्यांना परत घेतले नाही त्यांच्या स्वतःच्या हातात त्या अटीत बसणारा कागद असेल तर तो त्या १७ दिवसांतलाच असणार. तिच्या पिशवीत जानेवारीचा एक कागद होता, खानावळीच्या हिशेबाचा. तो तिने तसाच घडी घालून परत ठेवला आणि विचारले, पडताळणीला जाताना पावत्यांची मूळ प्रत न्यायची की झेरॉक्स चालेल.