थारच्या चित्रात सग्वारो कशाला?

वाळूचे ढिगारे, उंट आणि त्यामागे हात वर करून उभा असलेला निवडुंग. राजस्थानच्या नावाखाली हे चित्र दिसलं की माझं डोकं फिरतं. तो निवडुंग म्हणजे सग्वारो नावाचा कॅक्टस. तो अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवरच्या सोनोरा वाळवंटाबाहेर निसर्गात उगवतच नाही. अरवलीच्या खडकाळ उतारांवर जे काटेरी बेट दिसतं, तो थोर. त्याचं कूळ युफोर्बियाचं, म्हणजे नात्याने तो एरंडाच्या जवळचा.

मांसल खोड, साठवलेलं पाणी, पानांचं काम करणारी हिरवी साल हे दोघांतही आहे. दुष्काळाने दोन वेगळ्या कुळांना एकाच साच्यात घातलं. त्यामुळे नुसत्या आकारावरून ओळखायला जाऊ नका.

‘चीक आला तर थोर, नाही तर कॅक्टस’ हा नियम सगळे सांगतात. मला तो आवडत नाही. एक तर मॅमिलेरियासारख्या कॅक्टसच्या काही जातींतही पांढरा चीक निघतो. दुसरं म्हणजे थोराचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं. ओळख पटवायला झाडाला चाकू कशाला लावायचा?

त्यापेक्षा काटा कुठून निघतो ते बघा, भिंग असेल तर उत्तमच. कॅक्टसच्या काट्यांच्या बुडाशी लोकरीसारखी लव असलेली बारीकशी गादी असते. तिला एरिओल म्हणतात. काट्यांचा झुबका तिच्यातूनच येतो, फूल आणि नवी फांदीही तिथूनच. फड्या निवडुंगाच्या गादीत तर केसासारखी कुसंही असतात, बोटात शिरली की दिवसभर छळतात. थोराच्या धारेवर छोट्या उंचवट्यांवर आखूड काट्यांच्या जोड्या दिसतील, गादी मात्र नाही. युफोर्बियाच्या सगळ्याच जातींत काटे जोडीने येत नाहीत, पण एरिओल एकीतही नसते.

फुलांचा फरक सोपा आहे: सग्वारोचं फूल मोठं, पांढरं, थोराचं चिमुकलं.

आता कोणी म्हणेल, फड्या निवडुंग तर दख्खनच्या माळावर सर्रास दिसतो. दिसतो, पण तोही मूळचा अमेरिकेचाच, माणसाने आणलेला. रिपसॅलिस नावाच्या कॅक्टसची एक जात तेवढी अमेरिकेबाहेरही निसर्गात आढळते, बाकी सगळं कॅक्टसकूळ फक्त तिकडचं, आणि तो रिपसॅलिससुद्धा दमट जंगलात झाडांवर लोंबतो. भारतात फड्या बेसुमार माजला तेव्हा त्याला आवरलं ते कोचिनील किड्यांनी. हे किडे फक्त कॅक्टसवर जगतात, शेजारच्या थोराला तोंडही लावत नाहीत.