फोटोत मोठा वाटला होता

ठाण्यात वसंत विहारजवळचा मावशीचा वन बीएचके विकायला काढला, तेव्हा पहिले फोटो एजंटाकडच्या पोराने काढले. दारात उभा राहिला, मोबाइलचा कॅमेरा ०.५ वर, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सवर नेला, पटापट सहा फोटो मारले आणि गेला. त्यात हॉल असा दिसत होता की मुंजीची पंगत बसवावी. पुढच्या रविवारी डोंबिवलीहून एक जोडपं आलं. बाईंनी चपला काढल्या, दोन पावलं आत टाकली आणि नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "फोटोत मोठा वाटला होता."

चहा घेऊन गेले. मावशीला ते लागलं. "अरे, मी कुठे म्हटलं मोठा आहे? दहा बाय चौदा म्हणूनच सांगितलं होतं की." मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे पुढचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं.

आधी त्या ०.५ बद्दल. लेन्स खोली मोठी करते असं सगळे म्हणतात, पण जवळची वस्तू किती मोठी आणि लांबची किती लहान दिसणार, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावरच ठरतं. लेन्स कुठलीही लावा, ते प्रमाण तेच. ०.५ ची लेन्स फक्त जास्त रुंद दृश्य त्याच एवढ्याशा पडद्यावर कोंबते. गंमत पुढे आहे. कुठल्याही फोटोला डोळ्यापासून एक योग्य अंतर असतं, तिथून पाहिलं तरच त्यातली खोली खरी भासते. ०.५ चा फोटो मोबाइल आडवा धरून पाहायचा, तर ते अंतर भरतं जेमतेम चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे फोन नाकाला चिकटवून. आपण तो धरतो हातभर लांब. मग समोरची भिंत आहे त्यापेक्षा कितीतरी मागे गेल्यासारखी वाटते आणि दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये पंगत बसते. साध्या १ च्या लेन्सलाही हा दोष आहे, पण जवळपास निम्मा.

कडेला तर आणखी मजा. सरळ रेघा सरळ ठेवायच्या म्हणून ही लेन्स कडेच्या गोष्टी बाहेर ओढते. मधल्या रेषेपासून ५० अंशांवर असलेला गोल चेंडू उंचीच्या दीडपटीहून जास्त रुंद उमटतो. मावशीच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर एक माठ आहे. पहिल्या फोटोत तो आडवा फुगून लाल भोपळा झाला होता. घर पाहणाऱ्याला माठ खटकत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे डोळ्याला कळतं.

म्हणून मी १ वरच राहिलो. सगळा हॉल मावत नव्हता. नाही मावला. पाठ कोपऱ्यात घट्ट टेकवली आणि दोन भिंती घेतल्या, तिसरी दुसऱ्या फोटोत.

भिंती कलतात त्याचं कारणही साधं आहे. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरला की लादी दिसावी म्हणून आपण तो नकळत खाली झुकवतो. सेन्सर, म्हणजे फोनमधली चित्र टिपणारी चकती, भिंतीला समांतर राहिला नाही की उभ्या रेघा एका बाजूला जवळ येतात आणि कपाट पडेल की काय असं वाटतं. नऊ फुटी छताच्या खोलीत फोन चार फुटांवर, छातीशी धरा, अगदी उभा. कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेघा चालू करा आणि दाराची चौकट त्यांच्याशी जुळवा. एवढ्याने निम्मं काम होतं, आणि पैसा लागत नाही.

खरी कटकट उजेडाची. उजेड लक्समध्ये मोजतात. दुपारच्या उघड्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो, घरात ट्यूबलाइटखाली शे-दीडशे. म्हणजे काहीशे पटींचा फरक. आपल्याला तो जाणवत नाही, कारण खिडकीकडे पाहिलं की डोळा तिथल्यापुरता जुळवून घेतो, सोफ्याकडे वळला की पुन्हा जुळवतो, आणि मेंदू दोन्ही शिवून एक चित्र देतो. हल्लीचे फोनही तेच करू पाहतात: एका दाबात कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन जोडतात. त्या वेळात हात हलला की फोटो अस्पष्ट. मी फोन स्टुलावर डब्यांची उतरंड रचून टेकवला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला. तरी खिडकीबाहेरचा येऊरचा डोंगर पांढराफटक आला. फ्लॅश मारून काही होत नाही. अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथा हिस्सा उरतो, जवळची खुर्ची भाजते आणि मागची भिंत काळोखात जाते.

मावशीच्या हॉलची खिडकी पश्चिमेला, थेट येऊरकडे. पावसाळ्यात तो हिरवागार डोंगर हीच त्या घराची खरी किंमत, तो फोटोत हवाच होता. उपाय घड्याळात सापडला. सूर्य मावळताना बाहेर काहीशे लक्स उजेड असतो आणि आपल्या अक्षांशावर पुढच्या वीस-बावीस मिनिटांत तो तीन-चार लक्सवर येतो. म्हणजे मध्ये कुठेतरी बाहेरचा उजेड आणि घरातला उजेड एकमेकांना भेटतातच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी सातपासून खिडकीशी बसलो. ढग होते, त्यामुळे ती वेळ थोडी आधीच आली.

पण त्या आधी एक फजिती झाली. फोन बेडरूममध्ये एसीखाली चार्जिंगला होता. उचलून गॅलरीत नेला आणि फोटो काढला, तर सगळं धुक्यात. ठाण्याच्या पावसाळी हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते तो, चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार काच बाहेर आली की तिच्यावर पाणी बसणारच. पुसली, पुन्हा बसली. मावशीने फोन हातात घेतला आणि पदराखाली धरून ऊब देत बसली. पाच मिनिटांत काच स्वच्छ.

रंगांचा घोळ राहिला होता. हॉलमध्ये ६५०० केल्विनची (केल्विन हे इथे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरी ट्यूब, देव्हाऱ्यावर २७०० चा पिवळा दिवा. आपला मेंदू दोन्हीकडे भिंत पांढरीच मानतो. कॅमेऱ्याला एकच बाजू घेता येते, म्हणून अर्धी भिंत हळदीची, अर्धी निळसर. खोलीत एकाच जातीचे दिवे लावा, आणि दिवसा सगळे बंद. शिवाय आमच्या बाजूच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांनी निळी ताडपत्री बांधली आहे. तिच्यावरून आलेल्या उजेडाने किचनचा ओटा निळा पडत होता. पडदा ओढला, संपलं. स्वस्तातल्या एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे आले, तर दोष फोनचा नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे असे दिवे १०० वेळा लुकलुकतात आणि कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो. शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात.

फोटोंबरोबर मी वहीच्या चौकटीच्या कागदावर काढलेला नकाशाही जोडला, टेपने मोजलेल्या मापांसह. रेरा, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीच्या २०१६ च्या कायद्यातलं कार्पेट (घरातलं वापरायचं क्षेत्रफळ) आतल्या भिंती धरतं, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाही. तोच आकडा वर लिहिला. खोलीचं माप सांगणं हे फोटोचं कामच नव्हे. एजंट म्हणाला, "सर, असे फोटो टाकले तर फोन कमी येतील." आले कमी. पण जे आले ते हॉलमध्ये शिरून खिडकीकडेच गेले.

फोटो मावशीला दाखवले. संध्याकाळचा निळा डोंगर, दिव्यातला हॉल, सरळ उभं कपाट. चष्मा वर-खाली करत तिने सगळे पाहिले.

"छान आलेत रे," म्हणाली. "पण माझा माठ कुठे गेला?"