कावीळ उतरली, पण यकृताचं काय?

मुलाला कावीळ झाली की घरात तेलकट बंद होतं, उसाचा रस सुरू होतो आणि कुणीतरी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचं गाव सांगतं. काही आठवड्यांत डोळे पांढरे होतात. श्रेय अर्थातच झाडपाल्याला! खरं तर अशी कावीळ बहुधा दूषित पाण्यातून आलेल्या हिपॅटायटिस ए विषाणूची असते आणि बहुतेक मुलांत ती आपली आपणच जाते.

ऑटोइम्यून हिपॅटायटिसची कावीळही कधीकधी अशीच उतरते आणि काही महिन्यांनी परत येते. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते. मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये हा आजार जास्त. त्याच्या दोन प्रकारांपैकी दुसरा मुख्यतः लहान वयातला. त्यात एलकेएम-१ नावाची प्रतिपिंडं सापडतात आणि त्यांचं लक्ष्य असतं कोडीनसारख्या औषधांवर काम करणारं यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम. निदान होतं तेव्हा अनेक मुलांना आधीच सिरॉसिस झालेला असतो, म्हणजे यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक झालेलं असतं. म्हणजे घरच्यांना नवी वाटणारी कावीळ आतून बरीच जुनी असते.

काही मुलांत मात्र यकृत थेट निकामी होऊ लागतं. इथे रिपोर्टही फसवतो. एसजीपीटी हे इजा झालेल्या यकृतपेशींतून रक्तात गळणारं विकर. हजारांत गेलेलं एसजीपीटी शेकड्यांवर आलं की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात, पण गळायला पेशीच उरल्या नसतील तरी तो आकडा उतरतोच. म्हणून डॉक्टर बघतात रक्त गोठण्याकडे, म्हणजे आयएनआरकडे; हा आकडा जितका मोठा, तितकं रक्त उशिरा गोठतं. व्हिटॅमिन के देऊनही तो 2 किंवा जास्त राहिला, किंवा 1.5 च्या पुढे असून मूल गुंगीत जाऊ लागलं, तर ते तीव्र यकृत निकामी होणं. गुंगीची सुरुवात ओळखणं कठीण: दिवसा झोप, रात्री जाग, विनाकारण चिडचिड. ‘आजारी आहे म्हणून किरकिरतोय’ असं कुणालाही वाटेल.

ऑटोइम्यून हिपॅटायटिस वेळेत कळला तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज किलोमागे 2 मिलिग्रॅमपर्यंत, कमाल 60. पुढे जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन. त्याआधी तांबं साठवणारा विल्सन आजार तपासावाच लागतो, कारण तो हुबेहूब असाच दिसतो. गुंगी वाढल्यावर स्टेरॉइड क्वचितच पुरे पडतं. मग प्रत्यारोपण, आपल्याकडे बहुतेकदा आई किंवा वडिलांच्या यकृताचा तुकडा घेऊन.

औषधाने मूल खेळू-बागडू लागतं. मग वयात येणाऱ्या मुलीला स्टेरॉइडने गोल झालेला चेहरा आरशात नकोसा होतो आणि गोळ्या गुपचूप बंद होतात. दुसऱ्या प्रकारात औषध थांबवणं सहसा साधत नाही, आणि आजार उलटल्याचं आधी रक्ताच्या तपासणीत दिसतं, डोळ्यांत नंतर.