स्नोमोबाइलवरचा जीपीएस थंडीत का रुसतो

स्नोमोबाइल म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली, बर्फावर धावणारी गाडी. तिच्यावरचा जीपीएस कडाक्याच्या थंडीत बंद पडला की पहिला संशय उपग्रहांवर जातो. पण सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या लहरींना हवेच्या गारठ्याने काही फरक पडत नाही. कोरड्या भुसभुशीत बर्फातूनही त्या जवळजवळ तशाच आरपार जातात. अँटेनावर ओला बर्फ किंवा पाण्याचा थर बसला तर मात्र क्षीण होतात. थंडीचा खरा घाव बसतो तो बॅटरी, पडदा आणि वायर यांच्यावर.

त्यातही आधी बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीत थंडीमुळे आयनांची ये-जा मंदावते आणि आतला रोध वाढतो. अशा वेळी पडद्याचा उजेड वाढवला की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि यंत्र बंद होतं. बॅटरी संपलेली नसते. तिला ऊब दिली की ती पुन्हा चालू लागते. चार्जिंगचा धोका अधिक गंभीर. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम बॅटरीतल्या ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूरूपात साचतं. क्षमता कायमची घटते, आतल्या आत शॉर्ट होण्याचीही भीती असते. त्यामुळे गारठलेलं यंत्र वायर जोडूनही चार्ज होत नसेल, तर बहुधा ते स्वतःला वाचवत असतं. साध्या एए सेलवर चालणाऱ्या यंत्रात अल्कलाइन सेल घालू नयेत. एकदाच वापरायचे लिथियम सेल उणे ४० अंशांपर्यंत काम देतात.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे गाडीचीच वीज. सतत वीज मिळाली की यंत्र आतून थोडं उबदारही राहतं. इलेक्ट्रिक स्टार्टच्या गाडीत १२ व्होल्टची बॅटरी असते, तिथे काम सोपं आहे. दोरी ओढून सुरू होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच नसते, आणि काहींच्या दिव्यांच्या वायरमध्ये एसी प्रवाह वाहतो. म्हणून जोडणीआधी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने एसी आणि डीसी दोन्ही तपासावेत, तेही आयडलला (थ्रॉटल न देता) आणि थोडा थ्रॉटल देऊन. जोडणी किल्लीबरोबर बंद होणाऱ्या वायरवर करावी, पॉझिटिव्ह वायरमध्ये उगमाजवळच २ अँपिअरचा फ्यूज घालावा. यंत्राला ५ व्होल्ट लागत असतील तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर हवाच.

वायरकडे मात्र सहसा दुर्लक्ष होतं. पीव्हीसीचं आवरण थंडीत ताठ होतं आणि वाकवलं की तडकतं. सिलिकॉनचं लवचिक राहतं. हँडलबार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवून पाहावा आणि वायरला तेवढी ढील ठेवावी. मग इंजिन बंद ठेवून थ्रॉटलचा खटका दाबून सोडावा. तो झटकन मागे आला नाही, तर वायर कुठेतरी थ्रॉटलच्या केबलला अडते आहे. ती सोडवल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. एक्झॉस्टपासून वायर लांब ठेवावी, हे वेगळं सांगायला नको.

माउंटसाठी बहुतेक हँडलबारवर २२ मिलिमीटरचा क्लॅम्प आणि रबरी बॉलचा जोड चालतो. गाडी गरम शेडमध्ये असताना आवळलेला जोड बाहेरच्या थंडीत सैल पडू शकतो, तेव्हा थोडं चालवून तो पुन्हा आवळावा. व्हॅक्यूमचा कप थंडीत सुटतो, त्याच्या नादी लागू नये. यंत्राला आखूड, मजबूत दोरीही बांधावी. जागा गाडीच्या पुढच्या काचेच्या (विंडशील्डच्या) आडोशाला, पण चालक पुढे झुकला तर तोंड किंवा छाती आपटणार नाही अशी असावी. वाऱ्यामुळे यंत्र हवेच्या तापमानाखाली जात नाही, पण आतली ऊब भराभर गमावतं, आडोसा त्यासाठी. ही काच प्लास्टिकची असते, तिच्यातून लहरी सहज येतात.

एलसीडीतले द्रवस्फटिक थंडीत घट्टावतात आणि नकाशा रेंगाळत सरकतो. जाड हातमोज्यांनी टचस्क्रीन चालत नाही, म्हणून बटणांचं यंत्र बरं.

निघण्याआधी मोकळ्या आकाशाखाली थांबावं. उपग्रहाची कक्षा सांगणारा संदेश दर ३० सेकंदांनी येतो, पूर्ण अल्मनॅक (सगळ्या उपग्रहांच्या ढोबळ कक्षांची माहिती) मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. उत्तर ध्रुवाकडे जावं तसे जीपीएसचे उपग्रह क्षितिजाकडे झुकतात. प्रत्यक्ष ध्रुवावर ते क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांपेक्षा वर जातच नाहीत. डोंगर आणि झाडी लगेच आड येतात. यंत्रात ग्लोनासची (रशियाच्या उपग्रह-यंत्रणेची) सोय असेल तर ती चालू करावी, कारण त्या उपग्रहांची कक्षा अधिक कललेली आहे, त्यामुळे ते उत्तरेत आकाशात अधिक वर दिसतात.

भुसभुशीत बर्फात पट्टा जागीच घसरतो, म्हणून स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतो; जमिनीवरचा खरा वेग जीपीएस सांगतो. मात्र इंधनाचा अंदाज नकाशावरच्या अंतरावरून बांधू नये, पट्टा घसरतानाही पेट्रोल जळतच असतं. थांबलेल्या गाडीवर जीपीएसने दाखवलेल्या दिशेवरही विसंबू नये. ती चालत्या गाडीच्या बदलत्या स्थानावरून ठरते. गोठलेल्या तळ्यावरून मार्ग दिसला, तरी बर्फ किती जाड आहे हे नकाशाला ठाऊक नसतं. ट्रॅकची नोंद सुरुवातीपासून चालू ठेवावी, म्हणजे हिमवादळात काही दिसेनासं झालं तरी आल्या वाटेचा माग राहतो. कागदी नकाशा आणि होकायंत्र खिशात हवंच.

परतल्यावर गारठलेलं यंत्र तसंच उबदार खोलीत नेलं, तर त्यावर आणि फटींमध्ये दव जमतं. बाहेर असतानाच ते हवाबंद पिशवीत घालून आत आणावं, आणि खोलीइतकं गरम झाल्यावरच पिशवी उघडून चार्जिंगला लावावं.