नाताळपट (दूरचित्रवाणी)

नाताळच्या हंगामात दाखवण्यासाठी खास दूरचित्रवाणीकरिता काढलेला प्रेमपट. हा प्रकार मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातला. ‘हॉलमार्क चॅनल’ या अमेरिकी वाहिनीशी तो इतका जोडला गेला आहे की इतर वाहिन्यांवरच्या अशा चित्रपटांनाही लोक सर्रास ‘हॉलमार्क’चे म्हणतात. शेवट काय होणार हे पहिल्या पाच-दहा मिनिटांत कळते, आणि ते कळावे अशीच त्याची बांधणी असते.

मोठ्या शहरात नोकरीत बुडालेली नायिका डिसेंबरात लहानशा गावी येते. तिथे आजीची बेकरी, वडिलांची ख्रिसमसच्या झाडांची बाग किंवा एखादे जुने अतिथिगृह बंद पडायच्या बेतात असते. भेटतो तो चौकड्यांच्या शर्टातला, हाताने काम करणारा तरुण, पुष्कळदा विधुर आणि एका चुणचुणीत मुलीचा बाप. गावाचे नाव बहुधा काल्पनिक असते. आपल्या कहाण्यांतल्या आटपाट नगरासारखे हे गाव: दुकानदार प्रत्येकाला नावाने ओळखतो, चौकातल्या झाडावर दिवे लावायला सगळे जमतात, आणि बर्फ हवा तेव्हाच पडतो.

या प्रकाराचे कसब कळायला स्वयंपाकघरातला एक प्रसंग पुरेसा आहे. दोघे मिळून बिस्किटांचे पीठ लाटत असतात. तिच्या गालाला पीठ लागते. तो अंगठ्याने ते पुसतो आणि हात तिथेच रेंगाळतो. दोघेही बोलायचे थांबतात, चेहरे जवळ येतात, आणि नेमकी ओव्हनची घंटा वाजते. हे साधारण मध्यावर घडते. खरे चुंबन राखून ठेवलेले असते शेवटच्या मिनिटासाठी. पाहणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून घंटा वाजल्यावर तो चिडत नाही, उलट सुखावतो. हा लांबवलेला क्षण पाहायलाच तो बसलेला असतो. शेवटाच्या थोडे आधी अर्धवट कानावर पडलेल्या फोनमुळे गैरसमज होतो आणि तो लगेच मिटतोही. दोन तासांच्या वेळेत जाहिराती बसवायच्या असल्याने पटकथा सहसा नऊ अंकांत विभागलेली असते. प्रत्येक अंक छोट्याशा अडचणीवर संपतो. ती अडचण प्रेक्षकाने जाहिराती संपेपर्यंत थांबावे एवढीच मोठी असते.

हॉलमार्क ही मुळात शुभेच्छापत्रांची कंपनी, १९१० साली जॉइस हॉल यांनी कॅन्सस सिटीत सुरू केलेली. २४ डिसेंबर १९५१ रोजी एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर तिने एका नव्या संगीतिकेचे प्रसारण पुरस्कृत केले आणि तिथून दूरचित्रवाणीशी नाते जुळले. हॉलमार्क चॅनल २००१ मध्ये आले. २००९ पासून ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ या नावाने सलग नाताळपटांचा हंगाम सुरू झाला. तो आता ऑक्टोबर सरण्याआधीच लागतो. २०१९ मध्ये हॉलमार्कच्या वाहिन्यांनी मिळून ४० नवे नाताळपट दाखवले. लेसी शॅबेर, कँडेस कॅमेरॉन ब्यूर अशा अभिनेत्री वर्षानुवर्षे तेच ते चेहरे म्हणून भेटत राहिल्या, आणि ओळखीचा चेहरा हाही या सुखाचाच भाग आहे.

चित्रीकरण बहुतांशी कॅनडात होते: व्हँकूव्हरच्या परिसरात, फोर्ट लँगलीसारख्या गावांत किंवा ओंटारियोतल्या ऑल्मंटमध्ये. करसवलती हे त्याचे मोठे कारण. एक चित्रपट सुमारे तीन आठवड्यांत पुरा करतात, तोही पुष्कळदा उन्हाळ्यात. नट लोकरीचे कोट, मफलर घालून उन्हात उभे राहतात आणि रस्त्यावर पांढऱ्या कापडाचा, फेसाचा बर्फ पसरलेला असतो.

हे चित्रपट पाहणाऱ्याला भाबडे समजणे मला अन्यायाचे वाटते. उत्तर गोलार्धात डिसेंबरात दिवस लवकर मावळतो. सणाच्या घरात प्रवास, खर्च, जुनी भांडणे असतात, आणि कधी एक खुर्ची रिकामी असते. नाताळपटाला हे ठाऊक असते. नायिकेची आई बहुधा वारलेली असते. तिच्या हातची पाककृती, तिने जपलेले झाडाचे दागिने कथेत सतत येत राहतात. पण तो मृत्यू कथा सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो. कथा चालू असताना सहसा कुणी मरत नाही. दुःख आहे, पण ते वाढणार नाही, अशी हमी असते. व्रताची कहाणी ऐकणारी बाईही शेवट जाणूनच हातात अक्षता धरते आणि ‘सुफळ संपूर्ण’ कानी पडेपर्यंत जागची उठत नाही.

या हमीत कुणाकुणाला जागा मिळते, हा प्रश्न मात्र खरा होता. अनेक वर्षे जवळपास सगळी जोडपी गोरी आणि स्त्री-पुरुषांचीच होती. टीका वाढल्यावर हे हळूहळू बदलले. २०२२ मध्ये दोन पुरुषांची प्रेमकथा केंद्रस्थानी असलेला हॉलमार्कचा पहिला नाताळपट आला. साचा तोच राहिला.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने लोक घरात कोंडले गेले, तेव्हा हॉलमार्क चॅनलने शनिवार-रविवार गाठून नाताळपटांची माळ लावली. नाताळ नऊ महिने दूर होता.