पांढरा मासा घरी आल्यावर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या हातात पडलेली पिशवी काल संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावरच्या लिलावात किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होती. रात्रभर बर्फात प्रवास करून मासा पहाटे पुण्यात पोचला, सकाळी आम्ही तो कापला आणि तुमच्याकडे पाठवला. इथवरची काळजी आमची. पुढचे काही तास मासा तुमच्या हातात असतो, आणि पांढऱ्या माशाच्या बाबतीत चव टिकणं किंवा जाणं बऱ्याचदा त्याच तासांत ठरतं. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून हे पत्रक प्रत्येक पिशवीसोबत देतो आहोत.

पांढरा मासा म्हणजे कोणता

पापलेट, रावस, घोळ, जिताडा, तांबोशी, मुडदुशी, बोंबील हे सगळे शिजल्यावर पांढरेशुभ्र होणारे मासे. बांगडा, तारली, कुपा यांचं मांस लालसर-करडं असतं. हे मासे थव्याने सतत पोहतात. न थांबता पोहण्यासाठी स्नायूंना प्राणवायूचा साठा लागतो आणि तो साठवणाऱ्या द्रव्यामुळे मांसाला लाली येते. तळाशी किंवा खाडीच्या तोंडाशी दबा धरून बसणाऱ्या आणि गरज पडली की झटकन उसळी घेणाऱ्या माशांना तो साठा फारसा लागत नाही. त्यांचं मांस पांढरं, मऊ आणि बहुतेक वेळा कमी चरबीचं असतं. पापलेट जरा वेगळं. रंगाने पांढरं असलं तरी त्याच्या अंगात रावसापेक्षा जास्त चरबी असते, म्हणूनच तव्यावर ते इतकं छान सुटतं. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने त्याला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. लहान पापलेट आम्ही विकत नाही. ते अंडी घालण्याआधीच पकडलं, तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार?

पोषणाचे आकडे, कच्च्या वजनावर

१०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या माशात साधारण १७ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात, उष्मांक ८० ते १०० आणि कर्बोदकं जवळजवळ शून्य. बाकीचा बहुतेक भाग पाण्याचा. शिवाय ब-१२ जीवनसत्त्व, सेलेनियम आणि फॉस्फरस चांगल्या प्रमाणात मिळतं, समुद्राच्या माशातून आयोडीनही मिळतं.

जिमला जाणारी मंडळी एक घोळ नेहमी करतात. मोबाइलवरच्या ॲपमध्ये 'शिजवलेला मासा' निवडतात आणि वजन कच्च्याचं टाकतात. शिजताना माशातलं पाणी जातं. १०० ग्रॅम कच्चा तुकडा शिजून ७५ ते ८० ग्रॅम उरतो, पण प्रथिनं तेवढीच राहतात. म्हणून शिजवलेल्या १०० ग्रॅमपुढे २३-२४ ग्रॅमचा आकडा दिसतो. आमच्या पिशवीवरचं वजन कच्च्या, साफ केलेल्या माशाचं असतं, तेव्हा हिशोबही कच्च्याचाच करा. माणशी २०० ग्रॅम रावस म्हणजे सुमारे ३६ ग्रॅम प्रथिनं. तळताना तेल किती पोटात जातं ते वेगळं मोजा. चहाच्या एका चमचाभर तेलाचेच चाळीसेक उष्मांक होतात, आणि रव्याचं जाड आवरण तेल चांगलंच पितं.

बोंबलाचा हिशोब निराळा. ओल्या बोंबलात पाणीच इतकं असतं की त्याच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं रावसाच्या निम्मीच भरतात. तोच बोंबील वलांडीवर उन्हात वाळला की पाणी उडून जातं आणि प्रथिनं दाट होतात. सुक्या बोंबलाची मूठभर चटणी भाकरीबरोबर पोट भरते ती त्यामुळेच.

एक गोष्ट आम्ही लपवत नाही. हृदयासाठी चांगलं म्हणून ज्या ओमेगा-३ चरबीचं नाव घेतलं जातं, ती पांढऱ्या माशात थोडीच असते. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी बांगडा किंवा तारली खा. ते स्वस्तही पडतात. पांढऱ्या माशाचं बळ हलकेपणात आहे. तंतू आखूड, चरबी कमी, त्यामुळे पोटाला जड होत नाही. कोकणात आजारातून उठलेल्या माणसाला मुडदुशीचं पातळ कालवण देतात, ते याचसाठी.

गरोदर बाई घरात असेल तर तिला मोरी देऊ नका. मोरीचं मांसही पांढरंच असतं, पण मोरी म्हणजे शार्क. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो. पापलेट, मुडदुशी, बोंबील यांची तशी काळजी नाही. माशाची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र कुठलाच मासा 'थोडासा खाऊन बघू' म्हणून खाऊ नये.

ताजा मासा ओळखताना

डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, खोल गेलेले नकोत. कल्ले उघडून बघा, लाल हवेत, विटकरी किंवा काळपट नकोत. बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. पापलेटाच्या कल्ल्याजवळ दाबलं आणि पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं, ही कोळणींची परीक्षा आम्ही रोज सकाळी वापरतो. वासाचंही तसंच. ताज्या समुद्री माशाला समुद्राचा वास येतो. ज्याला आपण 'माशाचा वास' म्हणतो तो नंतर तयार होतो. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक बिनवासाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर उग्र वासाच्या द्रव्यात करतात. उष्णता जास्त तेवढं हे काम जलद, आणि म्हणूनच सगळा खटाटोप बर्फाचा.

२०१८ च्या जुलैत गोव्यात माशातल्या फॉर्मेलिनवरून मोठं वादळ उठलं, तेव्हापासून 'तुमच्या माशात काही घालता का' असं आम्हाला नेहमी विचारतात. आम्ही बर्फाशिवाय काही घालत नाही. दुकानात येऊन पेटी उघडून बघायची असेल तर सकाळी सातच्या आत या, आम्ही दाखवू.

बर्फ पिशवीबाहेर, मासा पिशवीत

पहिल्या वर्षी आमच्याकडून एक चूक झाली, ती सांगतो, कारण घराघरांत तीच होते. बंदरावरच तुकड्या पाडून आम्ही त्या थेट बर्फात ठेवत असू. पुण्यात पेटी उघडली की तुकड्या वितळलेल्या पाण्यात तरंगत असायच्या. कडा पांढुरक्या, बोट लावलं तर फुगल्यासारख्या. एका ताईंनी फोन केला, 'रावस छान दिसतो, पण पाण्यातनं काढल्यासारखा लागतो.' खरंच होतं ते. कापलेल्या मांसाला पाणी लागलं की क्षार आणि चव दोन्ही त्या पाण्यात उतरतात. अख्ख्या माशाला तेवढा धोका नाही, त्याच्या अंगावर कातडी असते. तेव्हापासून मासा अख्खाच येतो, माशाइतकाच बर्फ घालून. कापतो पुण्यात, आणि तुकड्या बंद पिशवीत भरून बर्फ बाहेरून लावतो.

म्हणून विनंती अशी. मासा घरी आला की नळाखाली एकदा झटपट धुवा, पोटाच्या पोकळीतला काळा पडदा आणि कण्याजवळचं रक्त अंगठ्याने खरवडून काढा, कारण कडवटपणा तिथून येतो. आमच्याकडे आम्ही ते काढतोच, तरी एखादा तुकडा सुटतो. मग स्वच्छ फडक्याने किंवा कागदाने टिपून कोरडा करा. मीठ-हळदीच्या पाण्यात तासभर भिजवत ठेवू नका. आईकडून आलेली सवय असेल, तिचा मान आहे, पण ती ज्या काळातली आहे तेव्हा मासा बर्फाशिवाय, टोपलीतून, उन्हातून दारात यायचा.

त्याच दिवशी करणार असाल तर झाकलेल्या डब्यात, फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत चालेल. बोंबील मात्र त्याच दिवशी करायचा, तो थांबत नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचा झाला तर कोरडा करून, हवा काढून, एका वेळेला लागेल तेवढाच एका पिशवीत भरा. आमचा सल्ला तीन महिन्यांच्या आत संपवा असा आहे. वितळवायचा फ्रिजमध्येच, रात्रभर. घाई असेल तर पिशवी बंद ठेवून गार पाण्यात सोडा. गरम पाण्यात कधीच नाही, आणि एकदा वितळलेला कच्चा मासा परत गोठवू नका.

कच्चा खायचा का

सुशी करायची म्हणून काही तरुण ग्राहक रावस मागतात. आमचा मासा शिजवून खाण्यासाठी आहे, कच्चा खाण्यासाठी नाही. समुद्री माशात बारीक जंत असू शकतात. ते मारायचे तर मासा उणे २० अंशांवर सलग ७ दिवस ठेवावा लागतो. घरचा फ्रीझर बहुधा उणे १८ च्या आसपास असतो आणि दिवसातून दहा वेळा उघडला जातो. लिंबाच्या रसात मुरवलेला मासा शिजल्यासारखा पांढरा दिसतो, कारण आंबटपणाने प्रथिनं घट्ट होतात. जंत मात्र त्याने मरत नाहीत. दिसण्यावर जाऊ नका.

शिजवताना

मटण-चिकन शिजवणारा हात पांढऱ्या माशाला जड पडतो. मटणाच्या तंतूंना धरून ठेवणारा चिवट भाग माशात फारच कमी असतो आणि तो थोड्याशा उष्णतेनेच विरघळतो. मासा 'मऊ होईपर्यंत' शिजवायचा नसतो. तो आधीच मऊ असतो. जास्त शिजला की पाणी सोडून चोथ्यासारखा कोरडा होतो. बोटाच्या पेराएवढी, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीची तुकडी एकूण दहा मिनिटांत होते. सुरीच्या टोकाने मध्यभागी हलकं दाबा. आतला काचेसारखा भाग दुधाळ झाला आणि पाकळ्या सुटू लागल्या की गॅस बंद.

कालवणात आधी वाटप, तिखट आणि आंबट घालून रस चांगला उकळून घ्या, कच्चा वास जाऊ द्या, आणि मगच तुकड्या सोडा. त्यानंतर पळी घालायची नाही. पातेलं दोन्ही कानांना धरून हलवायचं. पाच-सात मिनिटं पुरतात. कोकम, आगळ, चिंच, कैरी ही नुसती चवीसाठी नाहीत. वर सांगितलेलं उग्र वासाचं द्रव्य आंबटात बांधलं जातं आणि नाकापर्यंत पोचत नाही. समुद्राकाठच्या बायकांनी रसायनाचं पुस्तक न उघडता हे पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे.

तळायचं असेल तर मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि थोडं आगळ लावून पंधरा-वीस मिनिटं, बस. आंबटात तासन्‌तास ठेवलं तर वरचा थर भुसभुशीत होतो आणि तव्याला चिकटतो. तवा आधी चांगला तापू द्या, तुकडीला आलेलं पाणी टिपा, रवा किंवा तांदळाचं पीठ तव्यावर टाकायच्या क्षणी लावा. पहिली बाजू होईपर्यंत तुकडीला हात लावायचा मोह आवरा. खालची बाजू कुरकुरीत झाली की ती आपणहून सुटते.

बोंबील चिरून उघडा, मधला काटा काढा, मीठ लावा आणि फडक्यात गुंडाळून वर पाटा किंवा जड ताट ठेवा. अर्ध्या तासात फडकं ओलंचिंब झालेलं दिसेल. एवढं पाणी निघाल्याशिवाय बोंबील कुरकुरीत होणं शक्य नाही, कितीही तेल ओता.

वजनाबद्दल आणि ऑर्डरबद्दल

अख्ख्या माशातून काटे काढलेलं नुसतं मांस हवं असेल तर वजनाच्या साधारण ३५ ते ४५ टक्केच हाती येतं. पापलेटाचं डोकं लहान, म्हणून त्यात घट कमी. जिताडा आणि घोळ यांचं डोकं मोठं, तिथे जास्त. यात आम्ही काही ठेवून घेत नाही. डोकं, काटा आणि गाबोळी तुमचीच आहे, वेगळ्या पिशवीत देतो. रावसाच्या डोक्याचं सार एकदा करून बघा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात आमच्याकडे खाडीचा आणि तळ्यातला जिताडा मिळतो. बंदीआधी गोठवलेला माल असेल तर पिशवीवर तसं ठळक लिहिलेलं असतं. ताजा म्हणून तो कधीच विकला जाणार नाही.

ऑर्डर देताना कालवण करणार की तळणार ते सांगा. कालवणाला आम्ही काट्यासकट जाड तुकड्या पाडतो, तव्यासाठी पातळ. लहान मुलांसाठी असेल तर तेही सांगा, म्हणजे रावसाच्या पोटाकडचा भाग बाजूला ठेवू आणि काटे चिमट्याने ओढून देऊ. त्याला दहा मिनिटं जास्त लागतात, वेगळे पैसे नाहीत.