पार्श्वभूमी : शेजारच्या देशातले गुण इथे धरले जातील का?

१९५८ साली सोफिया कोर्राडी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन रोमला परतल्या. मूळच्या विद्यापीठाने मात्र तिथला अभ्यास धरायला साफ नकार दिला. हा अपमान त्या विसरल्या नाहीत. १९६९मध्ये इटलीच्या कुलगुरू परिषदेसाठी काम करताना त्यांनी एक टिपण लिहिले: परदेशी विद्यापीठात केलेला अभ्यास मायदेशी ग्राह्य धरावा. युरोपातल्या विद्यार्थी देवाणघेवाणीचा खरा उगम मला या टिपणात दिसतो, कारण विद्यार्थ्याला अडवतो तो सीमेपेक्षा वर्ष वाया जाण्याचा धाक.

सरकारांनाही हे उमगले होते. सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांशी लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने २२ जानेवारी १९६३ रोजी एलिझे करार केला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गोल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांच्या सह्यांच्या त्या करारात एकमेकांची भाषा शिकवण्याबरोबर परीक्षा व पदव्यांच्या समकक्षतेचाही उल्लेख आहे. १९७६पासून युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वसुरीने) संयुक्त अभ्यासक्रमांना पैसा दिला आणि १९८७मध्ये इरॅस्मस हा विद्यार्थी देवाणघेवाणीचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले.

खरी गाठ सुटली ती १९८९मध्ये आलेल्या समान श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीने. पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक. निघण्यापूर्वीच कोणते विषय घेणार आणि त्यांचे किती श्रेयांक मिळणार हे कागदावर ठरते. त्याखाली तीन सह्या असतात: विद्यार्थ्याची, यजमान विद्यापीठाची आणि मूळ विद्यापीठाची. कोर्राडींच्या हाती नेमकी ही तिसरी सही नव्हती.

त्याच वर्षी ऱ्हाइनकाठच्या बाझल, फ्रायबर्ग, स्ट्रासबर्ग, कार्ल्सरूहे आणि म्युलूझच्या विद्यापीठांनी आपसात करार केला. देश तीन (स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्स), पण एका ठिकाणी नाव नोंदवलेला विद्यार्थी जादा शुल्क न भरता बाकीच्या ठिकाणी तास करू शकतो. शेजाराचा एवढा साधा उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

फेब्रुवारी २०१४मध्ये स्थलांतरावर मर्यादा घालण्याच्या बाजूने स्वित्झर्लंडने कौल दिला आणि त्यावरून युरोपीय संघाशी झालेल्या वादात देश इरॅस्मसबाहेर पडला. बाझलच्या विद्यार्थ्यांना नदीपलीकडच्या वर्गांत जाता येत राहिले, कारण तो करार विद्यापीठांनी आपसात केलेला होता.